आळस, विसावा आणि नित्यकर्म

गेल्या आषाढातील एका रविवारची गोष्ट. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या दिवसाचे वर्णन ऐकविण्याचे कारण नाही. आदल्या रात्रीपासून धार लागलेली. सकाळचे आठ वाजून गेले तरी उजाडल्यासारखे वाटेना. अंगणातील तुळशीवृंदावनाभोवती पाण्याचे तळे साचलेले. करावयाची कामे आमच्यापुढे नव्हती असे नाही. याच पत्रिकेची मुद्रिते तपासावयाची होती, एका आप्तांच्या पत्रास उत्तर धाडावयाचे होते, माडीवरील एक कौल सरकले होते ते निदान पाहून तरी यावयाचे होते. यांतील एकही काम आमच्या हातून झाले नाही. आम्ही झोपाळ्यावर बसून राहिलो, चहा घेतला, पुन्हा घेतला, दुपारी जेवून निजलो, उठून मोबाइलवर दहा ठिकाणच्या निरुपयोगी वार्ता वाचल्या, आणि दिवेलागणीच्या सुमारास मन अत्यंत खिन्न झाले. दिवस फुकट गेला, या विचाराने रात्रीही नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ध्यानी आले ते असे की, त्या रविवारी आम्ही काम केले नाही हे तर खरेच, परंतु विसावाही घेतला नाही. झोपाळ्यावर बसलो असता मुद्रिते डोळ्यांपुढे होती, निजलो असता कौल टोचत होते. विसाव्याचे सर्व बाह्य उपचार झाले आणि विसावा तेवढा राहून गेला. अशा दिवसाची गणना कशात करावी? शरीराने स्वस्थ आणि मनाने त्रस्त, अशी ही जी तिसरीच अवस्था, ती आम्हास आळसाहूनही अधिक हानिकारक वाटते. आळशी मनुष्यास निदान झोप तरी लागते!

आपल्या पूर्वसूरींनी या विषयाचा विचार केला नव्हता असे नाही. किंबहुना आपण समजतो त्याहून पुष्कळच सूक्ष्म विचार केला होता. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योग कोणास साधत नाही हे सांगताना अतिशय निजणारा जसा वगळला आहे, तसाच अतिशय जागणाराही वगळला आहे. पुढे अठराव्या अध्यायात निद्रा, आळस आणि प्रमाद यांपासून उपजणारे सुख तामस म्हणून सांगितले आहे, आणि आपली कीर्तनकार मंडळी बहुधा तेवढ्याचाच आधार घेऊन श्रोत्यांस धारेवर धरतात. परंतु सहावा अध्याय आधी येतो हे विसरता कामा नये. पातंजल योगसूत्रांत चित्तविक्षेपाची जी नऊ कारणे दिली आहेत त्यांत व्याधी, स्त्यान आणि आळस ही तीन निरनिराळी मोजली आहेत. शरीर रोगाने थकले असणे ही एक गोष्ट, चित्तास कामाची उभारीच न वाटणे ही दुसरी, आणि जडत्वामुळे हातपाय न हलविणे ही तिसरी. आपण मात्र घरात कोणी उशिरापर्यंत अंथरुणात दिसले की तिन्हींस एकच शब्द लावून मोकळे होतो.

आयुर्वेदाने तर याहूनही व्यवहारी दृष्टी ठेवली आहे. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. दिवसा निजणे सामान्यतः वर्ज्य. ग्रीष्मात मात्र रात्री लहान असल्यामुळे त्यास मोकळीक आहे. त्यापुढे अपवादांची जी यादी येते ती वाचण्यासारखी आहे. अध्ययनाने थकलेला, गायनाने थकलेला, ओझे वाहून वा वाट चालून शिणलेला, वृद्ध, बालक, दुर्बल, रात्री जागरण घडलेला, आणि ज्यास क्रोधाने, भयाने वा शोकाने ग्लानी आली आहे असा, या सर्वांस दिवसा निजण्याची अनुज्ञा आहे. शोकाचा त्यात समावेश आहे हे वाचून आम्ही थोडा वेळ थांबलो. ज्या घरात नुकतेच कोणी निवर्तले आहे तेथील मनुष्य दुपारी भिंतीकडे तोंड करून पडला असता त्यास ‘उठा, कामात मन रमवा’ असा उपदेश करणारे हितचिंतक आपण सर्वांनीच पाहिले आहेत. कदाचित आपणही ते केले असेल. सारांश, निद्रेकडे पाहताना चरकाचार्य प्रथम हे विचारतात की, ही आली कोठून? श्रमातून आलेली निद्रा आणि तमोगुणातून आलेली निद्रा यांची नावेच त्यांनी वेगळी ठेवली आहेत.

(वामकुक्षीविषयी जाता जाता एक सांगावयाचे. जेवणोत्तर डाव्या कुशीवर क्षणभर कलंडणे एवढाच तिचा मूळ अर्थ. दोन प्रहर घोरत पडणे, आणि त्यास वामकुक्षी म्हणणे, ही आमच्या पिढीने शब्दावर केलेली जबरदस्ती आहे. आम्ही स्वतः या अपराधातून मुक्त नाही.)

परंतु या विषयावर आम्हास सर्वांत अधिक प्रकाश मिळाला तो अनध्यायाच्या नियमांतून. वेदाध्ययन हे ज्या काळी विद्यार्थ्याचे सर्वश्रेष्ठ कर्तव्य मानले जाई, त्याच काळी ते कोणत्या दिवशी करू नये याचेही नियम ठरले होते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ते विस्ताराने आले आहेत. अमावास्या, पौर्णिमा, चतुर्दशी, अष्टमी या तिथींना अध्ययन नाही. विजा चमकून मेघगर्जनेसह पाऊस कोसळू लागला की अध्ययन नाही. दिवसा वारा धूळ उडवू लागला, रात्री त्याचा घोंघाट कानी येऊ लागला, की अध्ययन नाही. वाल्मीकींनी सुंदरकांडात कृश झालेल्या सीतेस प्रतिपदेला पाठ करणाऱ्याच्या क्षीण झालेल्या विद्येची उपमा दिली आहे. म्हणजे जो सुट्टीच्या तिथीसही घोकीत बसतो त्याची विद्या वाढत नाही, उलट झिजते, ही समजूत त्या काळी किती रूढ असावी याची कल्पना येते. आषाढातील आमचा तो रविवार या नियमांत सहज बसला असता! मात्र त्या काळचा विद्यार्थी अनध्यायाच्या दिवशी खिन्न होऊन बसत नसे. आज पुस्तक मिटावयाचे हे गुरुकुलात सर्वांस ठाऊक असे. चोरून निजावे लागत नसे.

येथे एक बारकावा आहे, आणि तोच आमच्या विवेचनाचा मुख्य आधार आहे. त्याच मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात असे सांगितले आहे की, नित्याचा स्वाध्याय आणि होमाचे मंत्र यांस अनध्याय लागू होत नाही. नवा पाठ घेऊ नये, मोठे प्रकरण उघडू नये. परंतु रोजचे जे थोडेसे आहे ते चुकवू नये. नित्य आणि काम्य असा जो भेद आपले शास्त्र करते, तो आळसाच्या दिवसासाठीच केला असावा की काय असे वाटण्याइतका तो येथे उपयोगी पडतो. आमची मुद्रिते एक दिवस राहिली असती तर काही बिघडत नव्हते. छापखाना रविवारी बंदच होता. आप्तांचे पत्र सोमवारी गेले तरी चालले असते. कौलाचे म्हणाल तर भर पावसात त्यावर चढणे हा उद्योग नव्हे, अविचार होय. हे सर्व मनाने स्पष्टपणे बाजूस ठेवून, देवापुढील दिवा, गोठ्यातील वैरण, आजाऱ्याचे औषध, वृद्धांचे वेळेवर जेवण एवढे नित्य सांभाळावे आणि उरलेला दिवस खुशाल पावसाकडे पाहत काढावा, अशी ही योजना दिसते. समर्थांच्या यत्नवादाशी तिचा विरोध येतो असे आम्हास वाटत नाही. समर्थांनी आळसावर जेवढे कोरडे ओढले तेवढे क्वचितच कोणी ओढले असतील. तथापि त्यांनीच दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेवर एक स्वतंत्र समास लिहून निजलेल्या मनुष्यांच्या नाना तऱ्हा अशा काही रंगविल्या आहेत की, वाचणारास हसू आवरत नाही. ज्यास निजणाऱ्यांचा केवळ तिटकाराच आहे त्यास असे लिहिता येणार नाही.

एवढे विवेचन मनात जुळवून आम्ही मोठ्या समाधानाने ते घरात बोलून दाखविले. सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाल्या, “अहो, सगळं पटलं. पण ते नित्याचं करायचं कुणी? तुम्ही सगळे आळसावलात की त्या दिवशी माझा चहा चारदा होतो, आणि भजी मागाल ती वेगळीच.”

वाचकहो, या प्रश्नास मनुस्मृतीत उत्तर सापडले नाही. त्या रविवारी आम्ही, आमचे चिरंजीव व नातवंडे अशा पाच जणांनी अनध्याय पाळला होता, आणि त्या अनध्यायाचा भार स्वयंपाकघरात एका व्यक्तीच्या अंगावर पडला होता. तोवर आम्ही आळस मोजीत होतो तो स्वतःच्या तासांवरून: किती वेळ काम, किती वेळ विश्रांती, तराजूची कोणती बाजू जड. आमच्या विसाव्यामुळे दुसऱ्याचे काम वाढले की काय, ही दुसरी मोजणी असू शकते हे आमच्या मनात आलेच नव्हते. बाहेर त्याच पावसात खानापूर भागातील शेतांत गुडघाभर चिखलात भाताची लावणी चालली असेल, त्यांना आषाढाचा रविवार नाही, एवढा उदात्त विचार मात्र झोपाळ्यावर बसल्या बसल्या आमच्या मनात येऊन गेला होता. दूरच्या श्रमिकाविषयी कळवळा वाटणे फार सोपे असते.

रविवार हा वारही आपणास आयता मिळालेला नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी कामगारांस आठवड्याची निश्चित सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे अनुयायी व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्यातून एक दिवस कामगारास मोकळा मिळावा या मागणीचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही या मागणीच्या समर्थनार्थ मांडला गेल्याचे सांगितले जाते. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. ज्या मनुष्यांचे हात आठवडाभर यंत्राशी जखडलेले असत, त्यांच्यासाठी कोणी तरी भांडले, म्हणून तो दिवस मिळाला. तो दिवस आपण दुसऱ्या कोणाचे हात जखडून भोगीत असू तर काय म्हणावे?

हे आम्ही कोणत्या तोंडाने लिहीत आहो ते आता सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आपल्या देवस्थानाच्या व्यवस्थापक मंडळापुढे एक अर्ज आला होता. देवळाची झाडलोट, अंगणातील सडा, पूजेची भांडी आणि महाप्रसादाची मोठी पातेली हे काम गेली कित्येक वर्षे जे गृहस्थ करीत आहेत, त्यांचा तो अर्ज. पंधरवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी, एवढेच मागणे होते. मंडळाच्या बैठकीत आम्हीच त्यांस विचारले, “गावी काही काम निघालंय का? आईची तब्येत बरी आहे ना?” त्यांनी सरळपणे उत्तर दिले, “तसं काही नाही काका. घरीच असणार. जरा निजीन म्हणतो.”

ते आणखी काही बोलले असते तर अर्ज तत्काळ मंजूर झाला असता हे आज आम्हास स्पष्ट दिसते. लग्नकार्य, आजारपण, शेतीचे काम, काहीही चालले असते. एका कामातून सुटून दुसऱ्या कामास जाणाऱ्यास आम्ही आनंदाने सोडले असते. परंतु काहीच न करण्यासाठी सुट्टी मागणारा मनुष्य आम्हास आळशी वाटला. मंडळातील एक सदस्य म्हणाले, “देवाच्या सेवेला सुट्टी कसली?” आणि आम्ही मान डोलाविली. अर्ज नामंजूर झाला. ती बैठक रविवारी सकाळी झाली होती. बैठक आटोपून आम्ही घरी आलो, जेवलो आणि निजलो.

देवाच्या सेवेला सुट्टी नसते हे वाक्य ऐकावयास फार भारदस्त वाटते; परंतु पंढरपुरास जाऊन आलेल्या कोणासही ते संपूर्ण खरे नाही हे ठाऊक असावयास हवे. आषाढी व कार्तिकी यात्रेच्या दिवसांत विठोबाचा पलंग काढून ठेवतात. अहोरात्र दर्शन चालू असते, आणि देव भक्तांसाठी अखंड जागा असतो अशी भावना असते. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांस लिंबू-साखर चोळून त्यास स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात, पलंग पुन्हा आत येतो आणि शेजारती होऊन देव निजतो. देवास शीण होतो ही कल्पना केवळ भाबडेपणाची आहे असे म्हणणारे म्हणोत. ज्यांनी हा उपचार प्रथम योजिला त्यांना थकवा म्हणजे काय हे ठाऊक होते, आणि थकलेल्यास निजावयास देणे हीदेखील सेवाच आहे हेही ठाऊक होते. त्या देवाचे अंगण झाडणाराने तेच मागितले तेव्हा आम्ही कारण विचारीत बसलो.

आपल्या भागातील खेड्यांत ज्येष्ठी पौर्णिमेस कर्नाटकी बेंदूर असतो. बैलास न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात, पुरणपोळी चारतात आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. सुट्टीत तू काय करणार, असे त्यास कोणी विचारीत नाही. यंदाच्या बेंदरास एका स्नेह्यांच्या गावी गेलो असता गोठ्यात निवांत रवंथ करीत बसलेली बैलजोडी आम्ही पाहिली, आणि दोन वर्षांपूर्वीचा तो अर्ज आठवून आम्हास विलक्षण लाज वाटली.

यावर काही सभासद बंधू म्हणतील की, हे सर्व ठीक. परंतु अंगण एक दिवसही न झाडता कसे चालेल? भांडी कोण घासणार? प्रश्न रास्त आहे. नित्य थांबता कामा नये असे आम्हीच वर लिहून चुकलो आहो. देवळाजवळ दुसरा मनुष्य नेमण्याइतका पैसा नाही हेही खरे; गेल्या वर्षीचा हिशेब याच पत्रिकेत छापला आहे. मग उरतो तो एकच मार्ग, आणि तो घरात आम्ही आधीच अवलंबिला आहे. हल्ली रविवारी दुपारचा चहा आम्ही करतो. तो फारसा चांगला होत नाही. पहिल्या खेपेस साखर दोनदा पडली आणि दूध उतू गेले; परंतु सौभाग्यवती त्या वेळी ओसरीवर बसून असतात, आणि आत काय सांडले याची चौकशी करण्यास उठत नाहीत. या कामाने आमच्या विसाव्यात उणेपणा आला काय? आश्चर्य असे की, तो चहा पिऊन झाल्यावर झोपाळ्यावर बसलो असता मुद्रिते आठवत नाहीत. असे का व्हावे याचा आम्ही पुष्कळ विचार केला. दिवसाकाठी एखादे नित्यकर्म स्वतःच्या हाताने झाले, म्हणजे मन काम्य कर्मांचा तगादा आपोआप सोडते, एवढाच तर्क आम्हास करता आला. इतर घरांतील अनुभव निराळा असू शकेल.

व्यवस्थापक मंडळाच्या मागील बैठकीत तो जुना अर्ज आम्ही पुन्हा वाचावयास घेतला. चर्चा बरीच झाली. एक-दोघांचा विरोध कायम राहिला, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे नाही: आज एकास दिले म्हणजे उद्या पुजारी मागतील, परवा मुदपाकखान्यातील बाई मागतील. मागोत. त्यांनाही थकवा येत असणार, आणि त्यांनी आजवर मागितले नाही याचे कारण कदाचित त्या पहिल्या अर्जाचे काय झाले हे त्यांनी पाहिले असेल. शेवटी बहुमताने ठरले ते असे: पंधरवड्यातील एका बुधवारी त्या गृहस्थांस सुट्टी, वेतनात कपात नाही, आणि त्या दिवशीचे काम सभासद कुटुंबांनी पाळीपाळीने करावयाचे. नावनोंदणीची वही देवळाच्या कार्यालयात ठेवली आहे. अद्याप तीत सातच नावे आहेत.

पहिली पाळी आमची आहे, येत्या बुधवारी. सकाळी साडेपाचला अंगण झाडून सडा घातला गेला पाहिजे, आणि पाऊस असला तर ओवरीत शिरलेले पाणी आधी काढावे लागेल असे समजते. खराटा आणि बादली कोठे ठेवतात हे इतक्या वर्षांत आम्ही कधी पाहिले नाही. मंगळवारी सायंकाळी आरतीनंतर त्यांनाच विचारून घ्यावयाचे आहे.